वेणांची सोबत : प्रसूतिकक्षातील शिकाऊ परिचारिका

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव म्हटला की सिंहावलोकन ओघानेच येते. संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा अनेक मान्यवरांनी घेतलेला आहे. आजच्या विषयासाठी मात्र थोडे घराकडे पाहावे लागेल. या सभागृहात बसलेल्या अनेक ज्येष्ठांचा जन्म घरातील बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत झाला. त्यांच्या नातवंडांचा जन्म रुग्णालयात झाला. दोन पिढ्यांमध्ये घडलेले हे स्थित्यंतर एवढे शांतपणे झाले, की त्यात काय मिळाले आणि काय हातचे गेले, याचा हिशेब मांडण्यास कोणास फारशी सवड मिळाली नाही.

जे मिळाले ते अमूल्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये देशातील सुमारे २६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होत असत. २००५-०६ मध्ये हे प्रमाण सुमारे ३९ टक्के झाले आणि २०१९-२१ मध्ये ते सुमारे ८९ टक्क्यांवर पोहोचले. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेचा यात मोठा वाटा आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार २००१-०३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता मृत्युमुखी पडत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ पर्यंत खाली आला. महाराष्ट्रात तो ३३ होता. जुन्या बाळंतिणीच्या खोलीचे कोणी कितीही गोडवे गायले, तरी त्या खोलीत रक्तस्राव थांबविण्याचे इंजेक्शन नव्हते, रक्ताची बाटली नव्हती आणि अडलेल्या बाळंतिणीसाठी शस्त्रक्रियेची सोय नव्हती, हे विसरता येणार नाही.

परंतु त्या खोलीत एक गोष्ट होती. कळा देणारी स्त्री तेथे एकटी नव्हती. आई, मावशी, शेजारची अनुभवी काकू आणि गावची सुईण तिच्याजवळ बसून असत. कोणी कंबर चोळीत असे, कोणी गरम पाणी देत असे, कोणी नुसताच हात धरून ठेवीत असे. रुग्णालयाच्या दाराशी मात्र नातेवाइकांना थांबविले जाते आणि दार बंद होते. आत जाणारी स्त्री पुष्कळदा पहिलटकरीण असते, घाबरलेली असते, आणि आतला एकही चेहरा तिच्या ओळखीचा नसतो. त्या बंद दाराच्या आत तिच्या उशाशी कोण उभे राहते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. पुष्कळदा ती व्यक्ती म्हणजे अठरा-वीस वर्षांची, स्वतःही काहीशी घाबरलेली, शिकाऊ परिचारिका असते.

केसबुक आणि घड्याळ

साहाय्यकारी परिचारिका प्रसविका हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसविकाशास्त्राचा तीन वर्षांचा आणि परिचर्येची पदवी चार वर्षांची असते. यांपैकी कोणताही मार्ग घेतला, तरी विद्यार्थिनीला प्रसूतिकक्षात पाळ्या कराव्या लागतात. ठरावीक बाळंतपणे पाहावयाची, ठरावीक बाळंतपणे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातांनी करावयाची आणि प्रत्येकीची नोंद केसबुकात करून त्यावर सही घ्यावयाची, असा नियम आहे.

हा नियम आवश्यकच आहे. हात तयार झाल्यावाचून ही विद्या येत नाही. परंतु त्यात एक मोह दडलेला आहे. केसबुकात बाळंतपणाची नोंद होते. त्याआधीच्या आठ-दहा तासांची होत नाही. त्यामुळे डोके दिसू लागले की धावत यावे, हातमोजे चढवावे, बाळ हातात घ्यावे, नोंद करावी आणि दुसऱ्या खाटेकडे वळावे, अशी सवय लागणे अगदी सोपे असते. अभ्यास पूर्ण होतो, सह्या पूर्ण होतात. ज्या स्त्रीने रात्रभर कळा सोसल्या, तिला मात्र शेवटच्या क्षणी आलेला तो चेहरा आठवतही नाही.

जी विद्यार्थिनी त्या आधीच्या तासांत खाटेजवळ थांबते, तिला काय करता येते? पहिल्या दृष्टीस ते फारच साधे वाटते. ती प्रथम त्या स्त्रीचे नाव विचारते आणि 'तीन नंबरची पेशंट' असे न म्हणता नावाने हाक मारते. आपले नाव सांगते. आपण अजून शिकत आहोत, हेही लपवीत नाही. स्पर्श करण्यापूर्वी विचारते, "ताई, आता पोटावर हात ठेवते, चालेल ना?" मग घड्याळ समोर धरून दहा मिनिटे तळहात पोटावर ठेवते. त्या दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली, हे मोजते. तो हात मोजणीचे साधन असतो आणि त्याच वेळी आधाराचाही असतो.

त्यानंतर बाळाचे ठोके. पहिल्या अवस्थेत दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि जोर देण्याच्या अवस्थेत दर पाच मिनिटांनी ते ऐकावयाचे असतात; तेही पूर्ण मिनिटभर, कळ असताना आणि कळ ओसरल्यानंतर. मिनिटाला ११० ते १६० ही त्यांची सर्वसाधारण मर्यादा. कळ संपल्यावरही ठोके मंद राहिले, तर ते आतून आलेले संकटाचे निवेदन असते. ज्येष्ठ सिस्टरला तत्काळ बोलाविणे हे अशा वेळी विद्यार्थिनीचे पहिले कर्तव्य ठरते.

या दोहोंच्या मधल्या वेळात ती पाण्याचा घोट देते, लघवीला जाऊन येण्याची आठवण करते, पडदा नीट ओढते. शक्य असेल तेथे आधार देऊन चालविते, कारण उभे राहण्याने व चालण्याने पहिली अवस्था काहीशी लवकर पुढे सरकते, असे आढळलेले आहे. पडून राहावयाचे असल्यास डाव्या कुशीवर वळविते. कळ आली की माकडहाडाच्या वरच्या बाजूस तळहाताने दाब देते. "ताई, श्वास सोडा, हळू... झाली, ही पण गेली," एवढेच शब्द ती पुन्हा पुन्हा उच्चारते.

आणि एक क्षण असा येतो, की आतापर्यंत धीराने सोसणारी स्त्री एकाएकी म्हणते, "सिस्टर, आता नाही व्हायचं माझ्याच्यानं. मला घरी जाऊ द्या." अननुभवी मुलगी या वाक्याने गोंधळते, क्वचित ओरडते. जी शिकली आहे तिला ठाऊक असते, की हे वाक्य बहुधा पिशवीचे तोंड पूर्ण उघडत आल्याची खूण असते. अशा वेळी उपदेशाचा उपयोग होत नाही. बाळ आता जवळ आले आहे, एवढे सांगून तिने हात धरून ठेवावा, यातच त्या घडीचे सारे शास्त्र सामावलेले आहे.

सोबतीचे शास्त्र

हे सारे भावनेचे बोलणे आहे, रुग्णालय भावनेवर चालत नाही, असा आक्षेप येथे कोणी घेईल. त्याचे उत्तर वैद्यकशास्त्रानेच दिलेले आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पहिलटकरणींच्या तीन गटांची तुलना करण्यात आली. एका गटातील प्रत्येकीजवळ धीर देणारी सोबतीण अखंड होती. दुसऱ्या गटात एक निरीक्षक स्त्री कोपऱ्यात बसून फक्त नोंदी करीत असे. ती काही बोलत नसे. तिसऱ्या गटाला नेहमीची रुग्णालयीन सेवा मिळाली. तिसऱ्या गटातील १८ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागली, सोबतीण असलेल्या गटातील ८ टक्के स्त्रियांची. आणि जेथे कोणी केवळ गप्प बसून होते, त्या गटातील प्रमाण १३ टक्के निघाले. नुसत्या मानवी उपस्थितीचेही मोल किती, हे यावरून ध्यानात यावे.

२०१७ साली कॉक्रेन संस्थेने अशा २६ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. १७ देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया त्यात सहभागी होत्या. अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक रीतीने होण्याचा संभव वाढतो, शस्त्रक्रियेचा संभव सुमारे एक चतुर्थांशाने घटतो, कळांचा काळ सरासरी चाळीस मिनिटांनी कमी होतो आणि बाळंतपणाची कटू आठवण राहण्याचे प्रमाणही घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे. फिनलंडमधील १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर ही सोबत प्रसविकाशास्त्राच्या विद्यार्थिनींनीच केली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक शिफारशींत प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत मिळावी, असे सांगितले. २०२० मध्ये संघटनेने प्रसूतीच्या प्रगतीची नोंद ठेवण्यासाठी नवा तक्ता दिला. त्या तक्त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. ओळखीच्या माहितीनंतरचा पहिलाच विभाग आधाराचा आहे : जवळ कोणी आहे काय, वेदना सुसह्य होण्यासाठी काही केले काय, पाणी दिले काय, स्त्री कोणत्या स्थितीत आहे. बाळाचे ठोके, मातेची नाडी आणि पिशवीचे तोंड यांच्या नोंदी त्यानंतर येतात. केसबुकात ज्या तासांना जागा नव्हती, त्यांना येथे प्रथमस्थान मिळाले आहे.

आपल्या देशातही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक स्त्री नातेवाईक जवळ राहू देण्याचा निर्णय घेतला. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमाने प्रसूतिकक्षातील सन्मानपूर्वक वागणुकीस गुणवत्तेच्या मोजमापात स्थान दिले. कागदावर झालेला निर्णय खाटेपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, हा भाग वेगळा.

स्वच्छ हात, सावध डोळे

सोबत म्हणजे केवळ गोड बोलणे, असा समज होऊ नये, म्हणून इतिहासातील एक प्रसंग सांगणे अगत्याचे आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. एका विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात सुमारे १० टक्के स्त्रिया सूतिकाज्वराने दगावत होत्या. सुइणींच्या विभागात हे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. शहरातील गरीब स्त्रिया पहिल्या विभागात न पाठविण्याबद्दल हात जोडून विनवीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारण शोधले. वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत. शिकाऊ सुइणींचा शवागाराशी संबंध नव्हता. मे १८४७ मध्ये त्याने क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला.

विद्या मोठी असूनही हात अस्वच्छ असले, तर माता दगावते. प्रसूतिकक्षात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी हात धुण्याच्या पायऱ्या शिकवितात, त्यामागे या मातांच्या मरणाचा इतिहास उभा आहे.

सावध डोळ्यांची कसोटी बाळ जन्मल्यानंतर लागते. बाळ पुसून आईच्या पोटावर दिले जाते, नाळ एक ते तीन मिनिटे थांबून बांधली जाते, मातेला ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन दिले जाते, वार पूर्ण पडली की नाही हे तपासले जाते. बाहेर पेढ्यांची तयारी सुरू होते. डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे जातात. नेमकी हीच वेळ धोक्याची असते. मातामृत्यूच्या कारणांत प्रसूतिपश्चात रक्तस्राव अग्रभागी आहे आणि तो पुष्कळदा गाजावाजा न करता येतो. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी मातेच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय चेंडूसारखे घट्ट आहे की सैल पडले आहे, हे पाहावयाचे असते. नाडी आणि रक्तदाब पाहावयाचा असतो. चादर वर करून रक्त किती जाते, ते पाहावयाचे असते. रात्रभर शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीला त्या स्त्रीचा चेहरा ओळखीचा झालेला असतो. तो किंचित पांढरा पडला, ती बोलता बोलता गप्प झाली, तर तिच्या ते आधी लक्षात येते. रात्रभराची सोबत आणि आताची दक्षता ही अशी एकमेकींशी जोडलेली आहेत.

कठीण प्रसंग

या शिक्षणाचा एक भाग कोणत्याही पुस्तकात नीट लिहिलेला नसतो. प्रसूतिकक्षात खाटा थोड्या, स्त्रिया अधिक आणि परिचारिका मोजक्या, असे दृश्य अनेक ठिकाणी असते. थकलेल्या माणसाच्या तोंडून कठोर शब्द जातात. कळांनी ओरडणाऱ्या स्त्रीला टोमणा मारला जातो, क्वचित मांडीवर चापटही बसते. विद्यार्थिनी हे पाहते. बोलली तर ज्येष्ठांचा अवमान आणि सहीची अडचण. गप्प राहिली तर आपणही त्यातलेच होऊ, ही टोचणी. काही मुली काही महिन्यांत तेच शब्द उचलतात, कारण येथे काम असेच चालते, असे त्यांना वाटू लागते.

अशा वेळी तिला एक मार्ग मोकळा असतो. ती वाद न घालता त्या स्त्रीच्या उशाशी जाऊन उभी राहू शकते. ज्या स्त्रीजवळ कोणी उभे आहे, जिच्याशी कोणी हळू आवाजात बोलत आहे, तिच्यावर ओरडण्याचे प्रसंगही पुष्कळदा टळतात. कारण ती कमी घाबरते आणि सूचना ऐकू शकते. तरीही अन्याय उघड असेल, तर तो शिक्षिकेच्या कानावर घालण्याचे धैर्य तिने मिळवावे लागते. शिकणाऱ्याला हे धैर्य देणे ही शिकविणाऱ्यांची आणि समाजाचीही जबाबदारी आहे.

याहून कठीण प्रसंग म्हणजे जेव्हा बाळ रडत नाही. सर्व प्रयत्न होतात आणि तरीही खोली शांतच राहते. त्या वेळी प्रत्येकाला काहीतरी काम निघते. कोणी कागद भरते, कोणी सामान उचलते. आई मात्र सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहत असते. तिच्याशी खोटे बोलू नये, 'पुन्हा होईल' असे घाईने म्हणू नये, बाळाला पाहण्याची तिची इच्छा असेल तर ती डावलू नये आणि तिला एकटे टाकून जाऊ नये. विद्यार्थिनीजवळ त्या दुःखावर कोणतेही औषध नसते. ती जवळ बसून राहते. ती पाळी संपवून वसतिगृहावर परतलेल्या मुलीला जेवण जात नाही, हेही तिच्या घरच्यांनी समजून घेतले पाहिजे.

समाजाचे देणे

हे काम करणाऱ्यांना आपल्या समाजाने कोणते स्थान दिले? विटाळाच्या कल्पनेमुळे सुईण घरात आली तरी तिचा स्पर्श बाहेरचाच राहिला. जिच्या हातात घराण्याचा वंशज प्रथम येई, तिला ओसरीवर बसविले जाई. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी स्वतःचे तान्हे मूल गमावले होते. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. पुढे रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाने विधवा व निराधार स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. त्या काळी घराबाहेर पडून परक्यांची सेवा करणाऱ्या या स्त्रियांनी काय काय ऐकून घेतले असेल, याची कल्पना करता येते. आजही मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वाटले जातात. मुलगी नर्सिंगला गेली, हे मात्र काही घरांत हळू आवाजात सांगितले जाते.

काळ बदलत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसविका सेवेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन नैसर्गिक प्रसूतीची जबाबदारी स्वतंत्रपणे सांभाळू शकतील अशा प्रसविका तयार करणे, हा त्यांचा उद्देश आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला आणि १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारी रचना ठरविण्यात आली. आज केसबुक सांभाळीत उभी असलेली मुलगी उद्याची स्वतंत्र प्रसविका होऊ शकते.

या कामी सामाजिक संस्थांना आणि कुटुंबांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे खर्चाचे नाही. जेथे रुग्णालयाशी संबंध आहे, तेथे प्रत्येक प्रसूतीच्या खाटेशेजारी एक खुर्ची आणि एक पडदा असावा, असा आग्रह धरता येईल. खुर्ची नसेल तर सोबत करणारी किती वेळ उभी राहील? बाळंतपणासाठी जाताना आई, सासूबाई अथवा वहिनी यांच्यापैकी कोण आत थांबणार, हे कुटुंबाने आधी ठरवावे आणि तशी परवानगी डॉक्टरांकडे आधीच मागावी. लहान गावांतून शिकावयास आलेल्या परिचर्येच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती, रात्रपाळीनंतर सुरक्षित परतण्याची सोय, वसतिगृहात वेळेवर गरम जेवण, या गोष्टी कोणत्याही ट्रस्टच्या आवाक्यातील आहेत. आणि ज्या घरातील मुलगी हे शिक्षण घेऊ इच्छिते, त्या घराने ते अभिमानाने सांगावे.

रात्री तीन वाजता कोठल्या तरी प्रसूतिकक्षात एक अनोळखी मुलगी आपल्या लेकीचा किंवा सुनेचा हात धरून उभी असेल. तिच्या केसबुकात त्या हात धरण्याची नोंद होणार नाही. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन जाताना डॉक्टरांबरोबरच तिचेही नाव विचारावे, तिच्या हातावर पेढा ठेवावा, एवढे अगत्य आपणा सर्वांकडून घडावे, अशी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण करणे उचित ठरेल.